नऊ वॉकरचा तपास

ते प्रकरण आठवले की मी आजही घरात आवाज जरा खालीच ठेवतो.

दिल्लीत ठाणेदार असताना एक आयटीवाला तरुण लॅपटॉप घेऊन ठाण्यात आला. मराठी मंडळींच्या एका छोट्या संस्थेचा तो नवा खजिनदार. संस्था पाचशे रुपये अनामत घेऊन रुग्णांना वॉकर देत असे. वॉकर परत आला की अनामत परत.

"सर, नऊ वॉकर गायब आहेत. नेणारे सगळे म्हणतात, वॉकर दिला, पाचशे मिळाले. पण कपाटात वॉकर नाहीत आणि वहीत पैसे परत दिल्याची नोंद नाही. बिल्कुल क्लिअर आहे. काकूंनी विकले."

काकू म्हणजे बावीस वर्षे बिनपगारी हिशेब ठेवणाऱ्या सत्तरीच्या बाई. महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून मीच संस्थेच्या खोलीत गेलो आणि दोन तास त्यांना धारेवर धरले.

"माल कुठे आहे?"

"माल? साहेब, वॉकर आहेत ते, अफू नाही. बावीस वर्षं फुकट राबले, आता अटकही फुकटच करा." त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. आवाज खणखणीत होता. त्या गेल्या तर संस्थेला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मी हवालदाराला वहीतल्या नावांमागे लावले. गाझियाबादच्या पहिल्याच घरी उलगडा झाला. एवढ्या लांब परत करायला कोण जाणार? पाय बरा झाल्यावर त्यांनी वॉकर शेजाऱ्याला दिला आणि पाचशे त्याच्याकडूनच घेतले. शेजाऱ्याने पुढे तेच केले. असे आठ वॉकर सापडले.

"सर, नौवां किसी पुलिसवाले के घर है. सास का पैर टूटा था," हवालदार फायलीकडे बघत म्हणाला.

घरी गेलो. बाल्कनीत माझा युनिफॉर्म वाळत होता. वॉकरवर.

"अहो, आईचा पाय बरा झाल्यापासून तो इथेच तर आहे," पत्नी म्हणाली. "आणि मी शेजारच्या मिश्राजींना पाचशे दिलेत. ते मिळाल्याशिवाय कुणाला देऊ नका!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तो वॉकर मी स्वतः उचलून नेला आणि काकूंची माफी मागितली. त्यांनी किल्ली कमरेला खोचली, वॉकर उलटा करून पाहिला आणि साडेचारशे माझ्या हातावर ठेवले.

"एक रबर गेलंय. सही करा."

त्या बाईला मी दोन तास दरडावले, याची लाज अजून वाटते. पुढच्या नोकरीत 'माल कुठे आहे?' हे मी पुष्कळांना विचारले. पण त्याआधी दर वेळी घरी फोन करून बाल्कनीत काय काय आहे, ते विचारून घेतले.