पाणकोंबडीचा बांध
कडेला वाकलेल्या या चाळणीत मेथी धुताना मला कतारमधलं, दोहा शहराबाहेरचं ते शेत आठवतं. तेव्हा तिथे फुटबॉल वर्ल्डकपची स्टेडियमं उभी राहत होती. नवरा तिथे ड्रेनेजचं काम बघायचा, आणि शुक्रवारी आम्ही एका ओळखीच्या माणसाच्या शेतात आमच्या मेथीच्या वाफ्यावर जायचो. एकदा पाहतो तर पाणकोंबडीने पाटातच लव्हाळ्यांचं घरटं रचलेलं, पाणी तुंबलेलं आणि वाफा बुडालेला. "खलास, काढून टाकतो," म्हणत नवऱ्याने फावडं उचललं. तोच मराठीला कायम इंग्रजीत उत्तर देणारी आमची लेक किंचाळली, "बाबा, नको! अंडी आहेत त्यात!" तो फावडं विसरून तिच्याकडेच बघत राहिला. मग त्याने गाडीतला पाइप घरट्याखालून हळूच सरकवला, पाला अडकू नये म्हणून मी पाइपाच्या तोंडाला हीच चाळणी दाबून बांधली, आणि पाणी भसाभसा पलीकडे निघालं. मेथी सडली ती सडलीच, पण पुढे काळी पिल्लं पाटात पोहली. लेक आता परदेशात शिकते. परवा तिच्या खिडकीसमोरचं घरटं असलेलं झाड तोडायला माणसं आली, तेव्हा ती त्यांच्यावर चक्क मराठीत ओरडली म्हणे.