वास सहन होतोय ना?

अर्चना कामावर आली की चप्पल काढायच्या आधी खिडकी उघडायची. आमचं नखांचं सलून हिंजवडीत, एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर. खाली कंपन्यांच्या बसचे हॉर्न, वर आमचा एसी. उघड्या खिडकीतून आवाज येतो, धूळ येते, आणि आमच्या मालकीण मॅडमच्या मते सर्वांत वाईट म्हणजे ऊन येतं. नखांवर लावायचं जेल उन्हाने घट्ट होतं, की डबी वाया. म्हणून मॅडम खिडकी लावायच्या, पडदा ओढायच्या. त्या केबिनमध्ये गेल्या की अर्चना पुन्हा उघडायची. जेलच्या डब्या तिने बुटांच्या एका खोक्यात झाकून ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे उन्हाची तक्रार नको. हा खेळ रोज चालायचा आणि दोघींपैकी एकीनेही त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

मी तिथे काउंटरवर बसते. नवरा निवृत्त झाल्यावर नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत दिवसभर एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा हे बरं. नखं या विषयातलं माझं ज्ञान नेलकटरपाशी संपतं. त्यामुळे तास तास बसून नखं रंगवून घेणाऱ्या मुली पाहून सुरुवातीला माझ्या कपाळाच्या आठ्या जात नसत. "काकू, असं तोंड करून बसलात तर गिऱ्हाईक जिन्यातूनच परत जाईल," हे मला पहिल्याच आठवड्यात सांगणारी अर्चना. अमरावतीकडची, नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. गिऱ्हाइकांशी अगदी घोटून घेतलेलं पुणेरी बोलायची. माझ्याजवळ आली की वऱ्हाडी. "मले तर बाप्पा तुमची भीतीच वाटे," असं नंतर एकदा म्हणाली. भीती वाटत असूनही बोलली, म्हणूनच ती मला आवडली असणार.

तिची दुसरी खोड जास्त अवघड होती. बाई समोर बसली, हात पुढे केला, की ती हळूच विचारायची, "ताई, काही विशेष नाही ना?" आता आपल्याकडे हा प्रश्न सासू विचारते, मावशी विचारते, फार तर जिन्यात भेटलेली शेजारीण. तो नखं करणाऱ्या मुलीने विचारायचा म्हणजे काय! एकदा एक मुलगी ताडकन उठली. "यापेक्षा माझी सासू बरी," असं मला सुनावून तक्रार करून गेली. मॅडमनी अर्चनाला केबिनमध्ये बोलावून चांगलं झापलं. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. "वास सहन होतोय ना ताई? नाहीतर खिडकी उघडते." यात कुणाला काय वाईट वाटणार? पण विचारताना ती बाईचा चेहरा असा निरखायची, की प्रश्न तोच आहे हे मला कळायचं.

"तुला गं कशाला लोकांच्या घरच्या चौकशा?" मी एकदा चिडून म्हटलं. तेव्हा तिने सांगितलं. आधीच्या सलूनमध्ये ती नवी होती. नव्या मुलींना काढायचं काम देतात, म्हणजे जुनं जेल ॲसिटोनमध्ये भिजवून खरवडायचं. दिवसभर तेच, बंद खोलीत. त्यातच तिला दिवस गेले. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं सासूने बजावलेलं. म्हणून हिने सलूनमध्ये चकार शब्द काढला नाही. मळमळलं की पाणी प्यायची आणि पुन्हा टेबलावर बसायची. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं.

"डॉक्टरबाईले मी विचारलं, वासानं झालं का जी?" अर्चना म्हणाली. "त्या म्हणे, सांगता येत नाही. सुरुवातीला बऱ्याच जणींचं असं होते, कारण सापडत नाही. कधीमधी नखं करून घेते तिनं घाबरू नये. दिवसभर त्यातच बसते तिनं हवा खेळती ठेवावी, मास्क लावावा, जमलं तर काम बदलावं. पण तुझं कशानं गेलं, ते नाही सांगता येत." हातातली कानस ती उलटसुलट करत होती. "हो म्हटलं असतं तरी चाललं असतं काकू, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं." त्यानंतर तिच्या खिडकीवरून मी तिला कधी टोकलं नाही.

मग एक मुलगी आली, सातव्या महिन्यातली. डोहाळजेवण होतं, पोटावर हात ठेवून फोटो काढायचे होते, तेव्हा नखं हवीतच. डॉक्टरांना विचारूनच आले, म्हणाली. अर्चनाने तिची खुर्ची खिडकीशी ओढली, टेबलफॅन असा लावला की वास बाहेर जावा, तिला मास्क दिला. सगळी नखं झाली आणि एक मात्र कोरंच ठेवलं. "दवाखान्यात ऑक्सिजन बघायले बोटाले चिमटा लावतात ताई, एक मोकळं असलेलं बरं." काळजीत तिचं पुणेरी निसटलं होतं. मुलगी कुरकुरली, फोटोत दिसेल. "मग हा हात खाली ठेवा ना, त्याच्यावर दुसरा," अर्चना म्हणाली. मुलगी हसली. निघताना तिने सहज विचारलं, "तुम्ही दिवसभर हेच करता, तुम्हाला काही होत नाही?" "आम्हाला सवय," अर्चना म्हणाली आणि टेबल पुसायला लागली. मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

दिवाळीनंतर अर्चना डबा जिन्यात नेऊन खायला लागली. मग डबाच आणेना. खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं, तोंडाला एकावर एक मास्क. मी दोन मुलं वाढवलेली बाई, मला आणखी काय सांगायला हवं होतं? पण ती बोलेना. मॅडमना सांगितलं तर टेबल जाणार, हे तिला माहीत होतं. आणि सासूचे तीन महिने भरायचे होते. मला असा संताप आला! सासूचा, मॅडमचा, त्या मेल्या दृष्टीचा आणि हिचासुद्धा. ज्या दिवसांत जपायचं, तेच दिवस लपवून काढायचे, ही कुठली रीत? दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटर सोडला, तिच्या समोरच्या खुर्चीत बसले, हात पुढे केला आणि विचारलं, "वास सहन होतोय ना अर्चना?"

ती आधी माझ्या हाताकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आणि ढसाढसा रडायला लागली. "कोणाले सांगू नका काकू."

"मी कशाला सांगू? तूच सांग. आत्ता जा."

ती केबिनमध्ये गेली. मॅडम फार गोड बोलल्या. काळजी घे, आराम कर, बाळंतपण झालं की बघू. या 'बघू'चा अर्थ पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही. आठवडाभरात तिच्या टेबलावर नवी मुलगी बसली आणि अर्चना माहेरी गेली. जाताना ते बुटांचं खोकं तिने माझ्या हवाली केलं. "डब्या यात ठेवायला सांगा, अन् खिडकी उघडत जा काकू." तेव्हापासून खिडकी मी उघडते. मॅडम मला झापत नाहीत, वयाचा तेवढा एक फायदा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला भरदुपारी तिचा फोन आला. मुलगी झाली होती, वजन छान, रडणं खणखणीत. मला इतका आनंद झाला की मी काउंटरवरूनच ओरडले, "अगं, पेढे कुठायत?" ती हसली. मग आवाज बारीक केला.

"काकू," ती म्हणाली, "या वेळी मी काम सोडलं अन् पोरगी चांगली आली. म्हणजे त्या वेळी वासच होता ना? म्हणजे मीच केलं ना जी?"

उलट उत्तर द्यायला मला आयुष्यात कधी वेळ लागलेला नाही. त्या दुपारी मात्र उसनंच उत्तर दिलं. म्हटलं, "अर्चना, डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या? सांगता येत नाही."

"हाव," ती म्हणाली. "थेच तर काकू."

मागे पोरगी रडायला लागली, तसा तिने फोन ठेवला. मी फोन काउंटरवर ठेवला. समोरच्या टेबलाशी एक गिऱ्हाईक बाई हात पुढे करून नव्या मुलीची वाट बघत होती. "अहो, ती खिडकी उघडी आहे," ती म्हणाली. "एसी वाया चाललाय."

"जाऊ द्या," मी म्हटलं.