जाळं असलेलं माणिक

आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलणी कुणी खाल्ली असतील, तर आईच्या अंगठीतल्या माणकाने. ती अंगठी निंबोल्याहून, तिच्या माहेराहून आलेली. खडा उजेडात धरला की आत बारीक जाळं दिसतं, आणि जाळं असलेलं रत्न दोषी, ही आत्याची पक्की समजूत. बाबांचं दुकान चाललं नाही, ते जाळ्यामुळे. मी चारचौघांत बोलत नाही, तेही जाळ्यामुळे. आई निमूट ऐकून घ्यायची. बोटं सुजायला लागली तेव्हा तिने अंगठी मला दिली, आणि आत्या मला लगोलग बुधवाऱ्याच्या बाजारात सराफाकडे घेऊन गेली. खडा बदलायला.

सराफाने आईचा खडा काढून बाजूला ठेवला आणि नवा पुढे सरकवला. लालभडक, आत काही म्हणजे काही नाही.

"एकदम साफ माल, बेटी."

खरं माणिक दूध गुलाबी करतं म्हणून आत्याने चहावाल्याकडून वाटीभर दूध मागवलंच होतं. खडा आत टाकल्यावर दुधावर गुलाबी झाक आली.

"पाहिलं? असली आहे," आत्या म्हणाली.

मी हातातली लाल काचेची बांगडी काढून त्याच वाटीत सोडली. झाक आणखी पसरली. सराफ हसला, आत्या नाही.

मग मी भिंग मागितलं. नेटवर वाचून आले होते, त्यामुळे काय शोधायचं ते माहीत होतं. नव्या खड्यात वळलेल्या रेघा आणि एक गोल बुडबुडा. आईच्यात रेशमासारखे धागे, एकमेकांना छेदणारे.

"हा मशीनचा आहे ना, काका?"

"माणिकच आहे, बेटी, पण लॅबचा. इन्होंने साफ मांगा, मैंने साफ दिया."

"आईचाच परत बसवा."

"जाळं मिरवत फिरशील?" आत्या म्हणाली.

"हे जाळं जमिनीतच तयार होतं, आत्या. तो दोष नाही. तू आईला इतकी वर्षं उगाच बोललीस."

माझा आवाज इतका बारीक होता की सराफ ऐकायला पुढे वाकला. पण आत्याला नीट ऐकू गेलं होतं.

"घरी तर तोंड उघडत नाहीस."

"आज उघडणार आहे. आईसमोर."

कोंदणाचे दात खड्यावर दाबून बसेपर्यंत मी काउंटरपासून हलले नाही. मग दुधातली बांगडी काढून पुसली, हातात चढवली आणि अंगठी घालूनच घराकडे, सिंधीपुऱ्याच्या रस्त्याला लागले. आत्या मागून येत होती.