धुरपतामावशीचं सूत

आमच्या आंजी गावात कुठं भांडण झालं की पंचफुलाबाईला साक्षीला बोलवा म्हणतात. म्हणजे मला. बाई मेली तरी खोटं बोलणार नाही, असा गावाचा विश्वास. मी मान खाली घालून हसते, तर लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा. ज्या गोष्टीवरून हे नाव झालं, ती शेवटपर्यंत कोणी ऐकलेलीच नाही.

सन चोपन्नची गोष्ट. मी चौथीत होते. आमच्या शाळेत लिहिण्या-वाचण्यासोबत टकळीवर सूत कातावं लागे आणि बापूराव गुरुजींचा त्यावर फार जीव. माझी टकळी मात्र दोन गिरक्या घेऊन आडवी पडायची. जे काही सूत निघायचं, त्यानं बैल बांधता आला असता.

गुरुजींनी प्रत्येकाला घरून एकेक गुंडी, म्हणजे सुताची एक लडी, कातून आणायला सांगितलं. माझी मैत्रीण रुखमा मोठी डोक्याची. तिची धुरपतामावशी एकटी राहायची आणि गप्पा मारता मारता केसासारखं बारीक सूत काढायची. रुखमा म्हणाली, "मावशीले चुलीसाठी पऱ्हाट्या आनून देऊ, ते आपल्याले सूत देते."

कपाशीचा हंगाम सरला होता, वाळल्या पऱ्हाट्या शेतोशेत होत्या. मी सगळ्यांत मोठी मोळी नेली. बाकी कशात नाही, पण ओझं वाहण्यात मी पहिली. चार दिवसांत अख्खा वर्ग मोळ्या घेऊन मावशीच्या दारात. रुखमानं सगळ्यांना दम भरला, "जो सांगन, त्याच्यासंग जलमभर कट्टी." मला तर रुखमाशिवाय दुसरी मैत्रीणच नव्हती. मी दोनदा शपथ घेतली.

साऱ्या वर्गाचा हात एकसारखा बसला, हे बघून गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्यांनी वर्ध्याहून एका पाहुण्यांना बोलावलं. आणि पाहुण्यांपुढं कातायला कोणाला बसवावं? मला. मोठ्या मोळीवर खूश होऊन मावशीनं माझी गुंडी सगळ्यांत सुरेख कातली होती.

मी बसले. टकळी हातातून सुटली ती थेट पाहुण्यांच्या पायाशी. मागून रुखमा कुजबुजली, "हात थरथर कापून राह्यला म्हन."

मी तेच म्हणणार होते. पण पाहुणा भला माणूस. त्यानं टकळी उचलून दिली आणि म्हणाला, "घाबरू नको बेटी, पुन्हा कर. संध्याकाळपर्यंत आहे मी इथं." आता बोला. संध्याकाळपर्यंत कोणाचा हात कापतो? मला पळायला वाट राहिली नाही. "हे सूत माझं नाई," मी म्हटलं, "धुरपतामावशीचं हाय."

पाहुण्यांनी विचारलं, "आणि बाकीच्यांचं?"

मी तोंड उघडलं, पण असं रडू फुटलं की शब्दच निघेना. तेवढ्यात वर्ग एका सुरात म्हणाला, "आमचं आमीच कातलं, जी."

झालं. साऱ्या वर्गात लबाड पोरगी एकच निघाली. "शाळेचं नाक कापलं तुनं," म्हणत गुरुजींनी मला दोन छड्या मारल्या आणि बाहेर उन्हात उभं केलं. आत प्रामाणिक पोरांना पाहुण्यांनी लाडू वाटले.

रुखमाशी कट्टी झाली म्हणून मी घरी येऊन ओट्यावर मुसमुसत बसले. संध्याकाळी रुखमाच आली, हातात पळसाच्या पानाचा पुडा. प्रत्येकानं आपल्या लाडवातला तुकडा मोडून दिला होता. मोजायला गेलं तर लाडू सगळ्यांत जास्त माझ्याच वाट्याला आला.

"आपलं खरं सांगून छड्या खाल्ल्या, उन्हात उभी राह्यली, पन आमचं नाव नाई घेतलं तुनं," ती म्हणाली. "अशी मैतरीन पायजे."

मी नाव घेणारच होते. सगळ्यांत आधी तिचंच, जिभेच्या टोकावर आलं होतं. रडू आलं म्हणून राहिलं. हे तिला सांगायला हवं होतं. मी लाडवाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं.

"तुमचं नाव कशी घेईन व मी?" मी म्हटलं.

सकाळी खरं बोलले तर छड्या बसल्या. हे खोटं बोलले, तर रुखमा मला खेटून बसली आणि तिनं आपल्या हातानं मला लाडू भरवला.