कपाशीवर किडे

सरलाताईंना पेटुनिया बघवत नसत. हिवाळाभर नटायचं आणि ऊन तापलं की मरायचं! दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या घरापुढल्या पट्ट्यात त्यांनी इथलीच, वर्षानुवर्षं तग धरणारी रानझाडं लावली: कोरांटी, अडुळसा, रुई. शेजारच्या प्लॉटवर बुलडोझर यायच्या आत स्वतः खुरपं घेऊन मुळासकट काढून आणलेली. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात सगळा जन्म कुंड्यांत गेला होता. ही पहिली जमीन.

अडुळशावर मधमाश्या लगेच आल्या. रुईवर फुलपाखरानं अंडी घालायला मात्र वर्षं गेली. यंदा एकदाच्या पट्टेरी अळ्या पानं कुरतडू लागल्या. कोष होईपर्यंत त्यांना जपायचं, बस्स. घर मुलाच्या, मानसच्या नावावर. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर तोच. त्यांनी त्याला लिहिलं, ‘रुईवर अळ्या आहेत. कुणी हात लावू नका, असं कळव.’

मानस गुरुग्रामला, मीटिंगमध्ये. हिंदीत रुई म्हणजे कापूस, आणि अळी हा शब्द तर त्यानं शाळेतच कुठे तरी हरवलेला. आईला फोन करायचे कष्ट कोण घेणार? त्यानं ग्रुपवर टाकून दिलं, ‘कपास के पौधों में कीड़े लगे हैं. कृपया हाथ न लगाएँ.’

सरलाताई दाताच्या डॉक्टरकडून परतल्या, तेव्हा पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस नळी गुंडाळत होता. अळ्या मातीत पडून वळवळत होत्या.

“किसने बोला ये करने को?”

सेक्रेटरी भाटियाजी खुशीत होते. “आंटीजी, आप ही के घर से तो कंप्लेंट आई! देखिए, घंटे भर में बंदा बुला लिया.”

संध्याकाळी मानस म्हणाला, “सॉरी यार आई. पण कीडाच ना तो?”

“अळी! फुलपाखराचं पोर. आणि रुई म्हणजे तुमच्या हिंदीतलं आक, कापूस नव्हे.”

“अच्छा, अच्छा. ऑनलाइन दुसरी मागवतो.”

“अळ्यापण मागव.”

पानं करपून गळली. मुळं मात्र चिवट. पावसाळ्यात रुई पुन्हा फुटली. मानस फोटो काढत म्हणाला, “बघ, आली ना परत! बिल्कुल पहिल्यासारखी.”

पानं सगळी अखंड होती. एकालाही कुरतडल्याची खूण नव्हती.

“कसलं झाड रे हे?” त्यांनी विचारलं.

तो अडखळला. “तेच ना... कॉटन?”

आजवर त्याचा एकही चुकलेला शब्द त्यांनी सोडला नव्हता. आज “हो” म्हणाल्या आणि झारी घेऊन आत गेल्या.