पाणी कोणी सोडलं?

मी लिहिलेल्या मालिकेचा पहिला भाग आमच्या विश्रांतवाडीच्या घरी रविवारी सकाळी अकरा वाजता पाहायचा ठरला, कारण आईच्या मते जग बुडण्याआधी पोहे खाऊन झालेले बरे. हॉलमध्ये आई, बाबा, शेजारचे काका-काकू आणि मी. मालिका जग संपल्यानंतरची होती. शहर ओस पडलंय, वीज गेली आहे आणि एक मुलगी चाळीस दिवस एकटीच रिकाम्या घरांतून हिंडते आहे. हा पहिला भाग पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत माझा होता.

त्या सकाळी माझं काय पणाला लागलंय, हे फक्त मलाच ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी मी हिंजवडीची नोकरी सोडली तेव्हा बाबा "बरं" एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर माझ्या कामाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ओरडले असते तर मी भांडले असते. भांडण मला चांगलं जमतं. त्या "बरं"शी कसं भांडायचं ते मात्र कळेना. आता जुन्या साहेबांचा निरोप आला होता की जागा रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत कळव. इकडे मालिकेच्या पुढच्या पर्वाचं लेखनही माझ्या होकारासाठी अडलं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, बाबा मध्येच उठून गेले तर मुकाट्याने पुन्हा हिंजवडीची बस धरायची. हे असलं ठरवणं पोरकट आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाबांची सगळी नोकरी पाणी सोडण्यात गेली. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो, तो पुरुषभर उंच चावीने फिरवला की त्या भागातल्या नळांना पाणी येतं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला गावभर लवकर पाणी लागायचं, त्यामुळे त्या पहाटे बाबा कधीच घरी नसत. माझ्या पाठीला उटणं लावताना आई दरवर्षी तेच सांगायची, "कामावर आहेत."

मालिका सुरू झाली. नावं आली, माझंही येऊन गेलं. "फार भरभर गेलं," काकू म्हणाल्या. "चष्मा लावेपर्यंत संपलं."

पुण्यात कौतुक शेवटी करतात, तेही वेळ उरला तर. ओस पडलेल्या रस्त्याचं दृश्य आलं. त्यासाठी चित्रीकरणाची सगळी मंडळी पाच दिवस उन्हात राबली होती. काका निवृत्त शिक्षक. ते शांतपणे म्हणाले, "एकही खड्डा नाही. माणसं गेल्याबरोबर रस्ते सुधारले म्हणायचे." काकूंचं लक्ष मुलीच्या चेहऱ्यावर होतं. "चाळीस दिवस झाले ना? मग भुवया कोण कोरून देतंय हिला?" मी पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात बसले. बाबा अजून खुर्चीतच होते.

मग माझं लाडकं दृश्य आलं. मुलगी एका बैठ्या घराच्या मोरीत शिरते आणि निव्वळ सवयीने नळ सोडते. नळ आधी नुसताच फुसफुसतो, खाकरतो, मग गढूळ पाणी येतं, मग स्वच्छ. ती ओंजळीने पिते, रडते आणि निघून जाते.

"अगं, चाललीस कुठे? आधी बादल्या भर," आई टीव्हीला म्हणाली.

"नळ तरी बंद कर," काकू म्हणाल्या.

आणि बाबा उठले. पण ते दाराकडे न जाता टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. "मागे घे," ते मला म्हणाले. "ते नळाचं." मी मागे घेतलं. त्यांनी ते तीनदा पाहिलं, मान जरा वाकडी करून, आवाज ऐकत.

"पाणी कोणी सोडलं?" त्यांनी विचारलं.

माझं डोकंच फिरलं. दीड वर्षानंतर विचारलं ते हे. "बाबा, गोष्ट आहे ती. आलं पाणी."

"पाणी येत नसतं, सोडावं लागतं." ते खुर्चीत बसले. "आधी हवा आली, मग गढूळ. म्हणजे लाइन रिकामी होती आणि कुणीतरी आत्ताच चावी फिरवली. चाळीस दिवसांनी."

"पण कोणी?" काकूंनी विचारलं.

"ते हिला विचारा, हिने लिहिलंय. पण माणूस कामाचा आहे. सगळे गेले तरी वेळेवर येतोय."

मला लाज वाटली. ती फुसफुस मी लहानपणीच्या आठवणीवरून लिहिली होती. वर्षानुवर्षं त्या नळाखाली मी हंडे लावले, पण पलीकडच्या टोकाला कोण उभं असतं याचा विचार कधी मनात आला नाही; आणि ते टोक आमच्याच घरात जेवायला बसायचं.

"पुढच्या भागात भेटेल ना तो?" बाबांनी विचारलं. सगळे भाग कधीच चित्रित होऊन गेले होते आणि त्यांत असा कुणी माणूस नव्हता. "बघा ना तुम्हीच," मी म्हणाले. खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

पुढच्या रविवारी बाबा पावणेअकरालाच इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. अख्खा भाग त्यांनी मुलीकडे फारसं पाहिलंच नाही. ते प्रत्येक दृश्यात मागचा रस्ता, गल्लीची तोंडं न्याहाळत होते. कुठे झाकण उघडं दिसतंय का, कुणी वाकलेलं आहे का. मी त्यांच्याकडेच बघत होते आणि मला स्वतःचा राग येत होता. भाग संपला.

"नाही आला हो तुमचा माणूस," काकू म्हणाल्या.

"कामावर असेल," बाबा म्हणाले.

आईने बशा गोळा करता करता माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटणार होतं, म्हणून मी आतल्या खोलीत गेले, आणि गेलेच आहे तर साहेबांना नकारही कळवून टाकला. मग तोंड धुतलं आणि वही घेऊन बाबांच्या शेजारी येऊन बसले.

"बाबा, मला तो माणूस लिहायचाय. त्याची सकाळ कशी असते ते सांगा."

मला वाटलं, चावीचं वजन सांगतील, व्हॉल्व्हचे आटे सांगतील.

"आधी हे लिही," ते म्हणाले, "की तो चहा न घेताच निघतो. भांड्याचा आवाज होतो ना. पोरगी उठेल म्हणून."