कागद हलला पाहिजे

बोटभर रुंदीची कागदाची पट्टी दोन बोटांत धरायची, ओठांसमोर आणायची आणि म्हणायचं, "पेन." पट्टी हलली नाही की पुन्हा, "पेन." मग माझ्याकडे बघायचं, जणू मीच चुकलो, आणि म्हणायचं, "कागद हलला पाहिजे." आमचे मास्तर मला असेच आठवतात. तोंडासमोर कागद आणि कपाळावर घाम.

कुवेतात रुपया जाऊन दिनार आला, त्या सुमाराची गोष्ट. मी मोठ्या मुलांच्या एका शाळेत फर्राश होतो. फर्राश म्हणजे शिपाई. घंटा द्यायची, चहा करायचा, झाडलोट करायची. मी रत्नागिरीकडचा, शिक्षण चौथी. मास्तर साताऱ्याकडचे, बी.ए., इंग्रजी शिकवायला आणलेले. अख्ख्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. म्हणून मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत न बसता माझ्या चहाच्या खोलीत यायचे. खुर्ची नव्हती. बी.ए. झालेला माणूस तेलाच्या डब्यावर बसायचा.

त्यांची नोकरी एका वर्षाची. वर्ष संपलं की आणखी एका वर्षाची, मिळाली तर. पासपोर्ट शाळेच्या ऑफिसात, कपाटात बंद. दिवसा पोरांचे वर्ग, संध्याकाळी सरकारी कारकुनांचा वर्ग, तो फुकटात. राहायला एक खोली, तिच्यात आणखी दोन शिक्षक, एक सुदानी आणि एक मद्रासी, आणि तिघांत एक पंखा. त्याच शाळेत तेच पुस्तक शिकवणारा एक इंग्रज होता. त्याला अख्खं घर, आणि घरात बायको. मी एकदा तोंडावरच विचारलं, "मास्तर, तुमचं पुस्तक वेगळं आहे काय?"

ते म्हणाले, "पुस्तक तेच आहे रे. मी वेगळा आहे."

मास्तरांची बायको साताऱ्याला. मुलगी रांगत होती तेव्हा हे निघाले. नोकरी पक्की झाली तर घर मिळणार होतं आणि कुटुंब आणायची परवानगी. तेवढ्यासाठी हा माणूस सगळं सोसत होता. आणि माझी बायको मात्र माझ्यापाशी होती. मी ज्याच्या घरामागे राहायचो त्या कुवेती शेठला घरकामाला बाई हवी होती, म्हणून शेठने तिचे कागद करून घेतले. झाडू मारणाऱ्याचा संसार कुवेतात आणि बी.ए.चा साताऱ्यात. असा न्याय.

आता ते पट्टीचं सांगतो. अरबीत 'प' नाही. पोरं पेनला 'बेन' म्हणायची, प्लीजला 'ब्लीज'. पहिल्या वर्षाच्या शेवटी मोठे इंग्रज साहेब तपासणीला आले. मी चहा घेऊन दारात उभा होतो, म्हणून सगळं पाहिलं. साहेबांनी कागद फाडून पट्टी केली, ओठांसमोर धरली आणि "पेन" म्हणाले. पट्टी फडकन हलली. पोरांनी करून पाहिलं. बेन, बेन. पट्टी ढिम्म. मग साहेबांनी हसत हसत ती मास्तरांच्या तोंडासमोर धरली.

मास्तर म्हणाले, "पेन."

पट्टी हलली नाही.

आपल्या मराठी माणसाचा 'प' ओठांतच मिटतो, त्याला वारा नसतो. तोंडासमोर हात धरून बघा, तुम्हालाही कळेल. इंग्रजाच्या 'प'मध्ये फुंकर असते. पोरं बाकं बडवून हसली. साहेब काही वाईट नव्हते, जाताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पण नोकरी पक्की झाली नाही. हेडमास्तरांनी सांगितलं, उच्चार सुधारा, पुढच्या वर्षी बघू.

तेव्हापासून पट्टी त्यांच्या खिशात. माझा चहा उकळायचा आणि यांचं चालू. मी म्हणायचो, "मास्तर, प म्हणताय की चहा गार करताय?" ते म्हणायचे, "दोन्ही."

शुक्रवारी ते आमच्याकडे सालमियाला जेवायला यायचे. शेठच्या घरामागे आमची खोली, पुढे नुसती रेती आणि समुद्र. घाटावरचा माणूस, माशाचा काटा काढता येईना. माझी बायको काटे काढून द्यायची, लहान मुलाला देतात तसं. एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "वहिनी, आज फाफलेट आहे का?"

तिनं पदर तोंडाला लावला. "फाफलेट नाय मास्तर. पापलेट हाय. चालंल काय?"

मास्तरही हसले. मग घास हातात धरून म्हणाले, "पोरगी म्हणेल, बाबा बोबडे आहेत." त्या दिवसापासून माझी बायको त्यांना फुंकर मास्तर म्हणू लागली. तोंडावरसुद्धा.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. मास्तर "पेन" म्हणाले आणि पट्टी साहेबांच्या बोटांतून सुटून खाली पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब "गुड" म्हणाले. चहाच्या खोलीत मास्तर चहा प्यायचा विसरले. शाळेचं घर सालमियाला मागून मिळेल का, ते मलाच विचारत बसले. माझ्या बायकोनं तर त्यांच्या बायकोसाठी एक जुना स्टोव्ह घासूनपुसून ठेवला.

थोड्या दिवसांनी हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. मी तिथेच कप भरत होतो. वरून हुकूम आला होता. घर आणि कुटुंबाची परवानगी फक्त इंग्लंडहून आणलेल्या शिक्षकांना. हिंदुस्थानातले शिक्षक एकेका वर्षाच्या बोलीवरच. हेडमास्तर खाली बघून बोलत होते. त्यांच्या हातात तरी काय होतं?

मास्तर माझ्या खोलीत आले, डब्यावर बसले. खिशातली पट्टी काढून म्हणाले, "अरे, कागद तर हलला होता."

मी म्हणालो, "तोंडासमोरचा हलला, मास्तर. ऑफिसातला हलला नाही."

त्यांनी वर्ष पुरं केलं. एकही दिवस आजारी म्हणून घरी राहिले नाहीत, पोरांवर आवाज चढवला नाही. पण वर्ष संपल्यावर पुढच्या वर्षासाठी सही केली नाही.

मुंबईच्या बोटीवर सोडायला आम्ही दोघं धक्क्यावर गेलो. बायकोनं डब्यात तळलेलं पापलेट दिलं, काटे काढून. बोट सुटली तसे मास्तर कठड्याशी आले. खिशातून पट्टी काढली, ओठांसमोर धरली आणि आमच्याकडे बघून काहीतरी म्हणाले. ऐकू काही आलं नाही. समुद्रावरून वारा होता, पट्टी आपली आपणच फडफडत होती.

पुन्हा त्यांची खबर नाही. ते काय म्हणाले, यावर आमचं जन्मभर भांडण. मी म्हणायचो, "परत येतो" म्हणाले. ती म्हणायची, "कशाला येतात परत? पापलेट म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले." पुढे गावी आल्यावरसुद्धा, बाजारात पापलेट दिसलं की हे भांडण निघायचंच.

गेल्या साली ती गेली. आता बाजारातून मासळी मीच आणतो, काटे मीच काढतो. मास्तर काय म्हणाले, ते आता मला विचाराल तर पापलेट म्हणाले.